भिवयांमधला पदर

नागूनं लाल तारेला हिरवी तार सांधली. तेबी भर दुपारी, दार सताड उघडं, ऊन आत मागाच्या खड्ड्यापतूर आलेलं. माझ्या हातातली सुताची कांडी तशीच ऱ्हायली. दुसऱ्या कुणी असली चूक केली असती तर मी हसले असते, चार घरं हिंडून तिखटमीठ लावून सांगितलंबी असतं. पण नागू म्हंजे माझी धाकटी जाऊ, आणि अख्ख्या वडगावात ताणा सांधावा तर तिनंच. एक लुगडं मागावरनं उतरलं की त्याच्या शेवटाच्या तारा मागाच्या फणीत तशाच ठेवायच्या, आणि नव्या ताण्याची एकेक तार बोटाला राख लावून त्यांना पिळायची. दोन हजारावर तारा. काठाची लाल काठाला, अंगाची हिरवी अंगाला. ती ते इतक्या झपाट्यानं करायची का मी लोकास्नी सांगत सुटायची, "आमची नागू डोळं मिटून ताणा सांधती." लोक हसायचे. त्या दुपारी मी म्हटलं, "नागू, अगं काठाची तार अंगात गेली की." ती वाकली. कोंबडी दाण्यावर वाकती तशी, नाक तारांना लागंपतूर. बोटानं चाचपलं, "व्हय की," म्हणाली, हसली, तोडून परत पिळली. परत हिरवीच घेतली. मी हळूच उठून तिच्या डाव्या अंगाला गेले आणि तिच्या गालाजवळ हात हालवला, माशा हाकलत्यात तसा. तिची पापणी हालली न्हाय. नुसती म्हणाली, "वारं कुठनं यायलंय गं आक्का?"

मी म्हटलं, दारातनं.

मला थापा मारायची खोड ल्हानपणापासनं. माहेर माझं निपाणीचं. तिथल्या तंबाखूच्या वखारीवरनं उडालेलं कावळं शिंकत शिंकत संकेश्वरपतूर जात्यात, असं मी लगीन होऊन आले त्याच हप्त्यात सासूला सांगितलं, आणि ती बिचारी एकदा संकेश्वरच्या बाजारात मान वर करून उभी ऱ्हायली. बेळगुंदीच्या एका भोपळ्यात शिरून कोंबडी अंडी उबवत बसली आणि पिल्लं बाहीर आली तवा भोपळाच कुकडूकू करायला लागला, हेबी माझंच. मालक, म्हंजे माझं घरधनी सुबराव, मागावर बसल्या बसल्या म्हणायचे, "तुझ्या थापांचं लुगडं इणलं असतं तर अख्खं शापूर नेसून वर उरलं असतं." मी म्हणायची, "आणि काठबी पक्का असता, तुमच्यागत इटला नसता." थापेला एक न्याव असतोय. ऐकणाऱ्याला ठावं पायजे का ही थाप हाय, आणि मला ठावं पायजे का त्याला ठावं हाय. मंग दोघंबी हसत्यात आणि कांड्या भरायचा रहाट फिरत ऱ्हातोय. नागूला हा न्याव कधी कळला न्हाय. कावळ्याची गोष्ट सांगितली तवा ती गप ऐकत बसली आणि शेवटाला म्हणाली, "आणि मंग त्या कावळ्यास्नी वाटंत पाणी कोण देतंय?" मला तिची तीच गोष्ट आवडायची. सगळी हसायची, ही इचारायची. थापा मारणाऱ्याला दुसरं काय पायजे असतंय?

तिचा नवरा, माझा दीर यमनाप्पा, मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. तीन दिवसात. एकोणीस वरसाची व्हती ती. मागावर त्याचं अर्धं इणलेलं लुगडं व्हतं, पदर ऱ्हायलेला. मालकांनी त्या खड्ड्यात पाय सोडून पदर पुरा केला, आणि नागू रहाटापाशी बसून त्यांना कांड्या भरून देत ऱ्हायली. ती रडली का न्हाय मला आठवत न्हाय. मी त्या दिवसाची गोष्ट कुणाला कधी सांगितली न्हाय, त्यामुळं असंल. जी गोष्ट मी सांगत न्हाय ती माझ्याजवळ ऱ्हात न्हाय. त्या लाल-हिरव्या तारेच्या दुपारी त्याला सोळा वरसं झालती. तिचं केस कानापाशी पांढरं व्हायला लागलंतं. मधल्या सोळा वरसात तिनं कशाचा हट्ट धरला म्हणावं तर कशाचाच न्हाय.

तारेची चूक झाली त्याच्या मागल्या वरसाला चातुर्मासात नंदगडकडनं एक बोवा आला आणि गल्लीच्या मारुतीच्या देवळात उतरला. बारीक अंगाचा, दात पडलेला, बोलणं गोड. सकाळच्या पारी बायकास्नी बसवायचा. पाठ सरळ, डोळं अर्धं मिटलेलं, आणि नजर वर वळवून दोन भिवयांच्या मधी लावायची. श्वास आत घेताना मनात "सो", सोडताना "हं". म्हणायचा, "धोटा जातो तसा सो, धोटा येतो तसा हं. तुम्हा लोकांना काय शिकवायचं? तुम्ही जन्मभर हेच करताय." हे आमच्या लोकास्नी लई पटलं. मागावर बसल्या बसल्या गडीमाणसंबी सोहं करायला लागली. पण बोवा बजावून सांगायचा, डोळ्यावर जोर करायचा न्हाय, पाव घटका बसायचं आणि उठायचं, दुखलं तर सोडून द्यायचं. हे त्यानं सांगितलं. मी ऐकलंय. त्याच्यावर मी काय ढकलणार न्हाय.

मी गेले ते नागूला सोबत म्हणून. मला बसवंना. नजर वर लावली की टकुरं भणभणायचं, मंग झोप यायची, शेजारच्या ताराबाईच्या पोटात गुडगुडायचं ते ऐकत बसायची मी. असं दहा-बारा दिवस गेलं. एक दिवस बोवानं डोळं उघडायला लावलं आणि एकेकीला इचारलं, "काय दिसलं?" ही म्हणती काय न्हाय, ती म्हणती काय न्हाय, ताराबाई म्हणाली, "महाराज, मला भाकरी दिसली." सगळ्या हसल्या. माझ्यापतूर आलं. आता सगळ्या हसल्यात, आणि मी नुसतं "काय न्हाय" म्हणून उठू? माझ्या जिभेनं ते कधी केलंय? मी डोळं अर्धंच ठेवलं, आवाज खाली आणला आणि म्हटलं, "महाराज, मला दिवा दिसला. पिवळा. त्याच्याभोवती एक हिरवं कडं. त्याच्याभोवती लाल. काठ असतोय तसा." कुणी हसंना. मी वाट बघितली. कुणीच हसंना. थांबायची जागा ती व्हती. पण पुढं ताणा भरलेला दिसत असताना धोटा थांबतोय व्हय? मी म्हटलं, "मंग तो काठ रुंद झाला, आणि पदर झाला. आणि पदर जरा हालला. त्याच्यापलीकडं माणसं व्हती. आपली. गेलेली." आणि मंग, देवाशपथ सांगते, मी नागूकडं बघितलं. तिच्यासाठी सांगितलं का तिला बघून सुचलं, हे मला आज इतक्या वरसांनीबी कळत न्हाय. मी म्हटलं, "यमनाप्पा व्हता. मागावर बसलेला."

देवळातनं उठून जाताना बोवानं मला एका बाजूला बोलावलं. मला वाटलं, सापडले. त्यो इकडंतिकडं बघून ल्हान पोरागत म्हणाला, "बाई, पदर हालल्यावर पुढं काय दिसतं?" मी म्हटलं, "तुमास्नी ठावं न्हाय व्हय महाराज?" त्यो म्हणाला, "मी वीस वर्षं बसतोय. मला अंधारच दिसतो. पण तो अंधार आता मला टोचत नाही." एवढं खरं बोलणारा माणूस माझ्यापुढं उभा व्हता आणि मला घरी जाऊन मालकांना ही गंमत कधी सांगतेय असं झालतं. सांगितली. मालक हसून हसून खड्ड्यात वाकले. नागू चुलीपाशी व्हती. ती हसली न्हाय. तिनं इचारलं, "आक्का, मागावर बसलेले तवा त्यांच्या अंगात कुठली बंडी व्हती?"

मी म्हटलं, पांढरी.

बोवा कार्तिकात निघून गेला. बाकीच्या बायका चार दिवसात सोहं इसरल्या. नागू सकाळी बसायची, दुपारच्याला माग थांबला की बसायची, कांड्या भरून झाल्या की रहाटाशेजारीच भिंतीला पाठ लावून बसायची. बुबळं वर चढलेली, पापण्यांच्या फटीत नुसतं पांढरं. मला भ्या वाटायचं, पण त्यातबी एक मजा व्हती, का सांगू? हे मी केलंय, असं वाटायचं. मंग एक दिवस रॉकेलची चिमणी लावताना ती माझा हात धरून म्हणाली, "आक्का, दिसलं." काय गं? "दिव्याभोवती कडी. आत पिवळं, मंग हिरवं, मंग लाल. तू सांगितलंस तस्संच." मी चिमणीकडं बघितलं. चिमणी व्हती. काजळी धरलेली. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच्या पाठोपाठ, खोटं कशाला बोलू, जळफळाट आला. गोष्ट माझी आणि दिसली हिला! त्या हप्त्यात मी चोरून बसले. न्हाणीत पाटावर. डोळं वर चढवून चढवून रग लागली, पाणी गळायला लागलं, आणि दिसलं काय तर काळ्यात काळं. मी तिला ते सांगितलं न्हाय. ती इचारायची, "तुला आज दिसलं?" मी म्हणायची, "व्हय तर."

पुढचं मला सांगायला नको वाटतंय. पण सांगते. तिचं कपाळ दुखायला लागलं. भिवईच्या वर कुणी खिळा ठोकतंय असं म्हणायची, एकदा वकलीबी. मी काय म्हटलं? म्हटलं, "दार उघडताना बिजागरी कुरकुरतीच. सोस." मंग म्हणाली, डाव्या कडंनं अंधार येतोय, गल्लीतनं कुणी आलं तर अंगावर येऊपतूर दिसत न्हाय. मी म्हटलं, "अगं, बाई डोक्यावरनं पदर घेती तवा काय व्हतंय? कडा झाकत्यात, मधी मुख तेवढं ऱ्हातंय. तसंच ते. आता मुख दिसायचं ऱ्हायलंय." असं म्हणताना तिचं तोंड असं व्हायचं, बघा, काय सांगू, सोळा वरसात त्या तोंडावर तसलं काय मी बघितलं नव्हतं. ती इचारायची, "मंग?" आणि मी द्यायची. मला वाटायचं मी तिला काहीतरी देतेय. थापेचा न्याव मी कधी मोडला ते मला कळलं न्हाय. त्या लाल-हिरव्या तारेपतूर कळलं न्हाय.

दुसऱ्याच दिवशी टांगा करून मी तिला लष्कराच्या कॅम्पात डोळ्याच्या डाक्टराकडं नेली. म्हातारा माणूस, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. त्यानं तिची हनुवटी धरून आरशानं डोळ्यात उजेड पाडला, मंग दुसऱ्या डोळ्यात, आणि इचारलं, "दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती काय?" नागू म्हणाली, "व्हय." "कपाळ दुखायचं? उलटी?" "व्हय." "आणि मग कडेकडेनं अंधार. पडदा ओढल्यासारखा?" "व्हय, व्हय," नागू म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळत उजळत गेला. मी स्टुलावर बसलेले. त्यो परका माणूस माझी गोष्ट सांगत व्हता. एकेक शब्द. देवळात त्या सकाळी माझ्या जिभंवर ती कुठनं आली? पुढं मी पुन्हा पुन्हा इचार केला, का माझ्या आजीला असं झालतं का, कुणाच्या तोंडनं मी हे ऐकलंतं का. आठवत न्हाय. डाक्टर माझ्याकडं वळून म्हणाला, "काचबिंदू. डावा गेला. आणि बाई, तुम्ही वर्षभर काय करत होता?"  त्यानं एक बाटली दिली, उजव्या डोळ्यात दिवसातनं तीनदा थेंब घालायचं. घातलं तर हाय एवढी नजर टिकंल. न्हाय घातलं तर दिवाळीपतूर तीबी जाईल. मी इचारलं, "ते डोळं वर चढवून बसल्यानं झालं व्हय?" त्यो म्हणाला, "नाही हो. ह्याला बसणं लागत नाही, उठणं लागत नाही. लवकर यायला लागतं."

 येताना रेल्वेच्या फाटकापाशी टांगा थांबला तवा नागू माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आक्का, डाक्टराला कसं कळलं गं सगळं? त्योबी बसतोय व्हय?"

मी तोंड फिरवून रुळाकडं बघत बसले.

मला वाटलं, थेंब पडत ऱ्हातील, नजर टिकंल, मी हळूहळू गोष्ट इसरवीन. जशी चढवली तशी उतरवीन. पण चौथ्या दिवशी मालक मला घरामागच्या परड्यात गाठून म्हणाले, "ती थेंब घालंना झालीया. बाटली परवापासनं तशीच हाय." मी आत गेले. "का गं घालंनास?" तर ती साधेपणानं म्हणाली, "दोन दिवस घातलं की. कडी दिसायची बंद झाली. आता कुठं पदर हालायला आलाय आक्का, आणि त्यो डाक्टर आपलं सगळं पुसून टाकतोय." मी समजावलं. मालकांनी दटावलं, "नागू, खुळी हायस काय? डोळा गेला तर खाणार काय?" ती म्हणाली, "अण्णा, रहाटाला डोळं लागत न्हाईत." मालकांपुढं तिनं तोंड उघडून उत्तर दिलेलं मी पयल्यांदाच ऐकलं. मालक माझ्याकडं बघत ऱ्हायले. त्यांना देवळातली गंमत आठवली असंल. ते खड्ड्यात उतरून धोटा मारायला लागले, आणि मला त्या खटक्यात एकच ऐकू यायचं, सांग, सांग, सांग, सांग.

सात दिवस मी सांगितलं न्हाय. सात दिवसाचे एकवीस थेंब. भाकरी थापताना वाटायचं, आता उठते. उठायची आणि पाणी पिऊन परत बसायची. मला भ्या कशाचं व्हतं? ती चिडंल म्हणून? ती कवा चिडली न्हाय. भ्या ह्याचं, का मी खरं सांगितलं की यमनाप्पा दुसऱ्यांदा मरंल, आणि ह्यावेळी त्याला मी मारलेला असंल. आणि त्याच्याबी खाली, अगदी तळाला, एक घाण व्हती. ती माझ्याकडं बघून "मंग?" म्हणायची ते बंद हुईल. ह्या भ्यापायी मी एका बाईचा डोळा सात दिवस जाळला. आठव्या दिवशी अमावास्या व्हती. आमच्यात अमावास्येला माग चालवत न्हाईत, गल्ली अशी गप पडती का आपल्याच घरात परक्यागत वाटतंय. मालक शापूरला गेलते. नागू भिंतीला पाठ लावून बसलेली, डोळं वर. मी तिच्यापुढं मांडी घातली आणि म्हटलं, "नागू, मला काय दिसलं नव्हतं."

"कवा?"

"कवाच न्हाय. देवळात मी थाप मारली. दिवा न्हाय, कडी न्हाय, पदर न्हाय. यमनाप्पा न्हाय."

तिनं डोळं खाली आणलं. माझ्या तोंडाच्या जरा बाजूला बघत हसली. "आक्का, थेंब घालावं म्हणून बोलतीस. तुझी ही थाप मात्र जमली न्हाय हां."

"तुझ्या गळ्याशपथ."

"शपथ तू भोपळ्याचीबी घेतलीतीस."

मी रडायला लागले, तर म्हणाली, "रडतीस कशाला? बस. बस इथं माझ्याजवळ." मला भिंतीला टेकवून बसवलं, माझं खांदं सरळ केलं. मंग चाचपत तिचा अंगठा माझ्या नाकावरनं वर सरकला आणि दोन भिवयांच्या मधी येऊन थांबला. राखेनं चरबरीत झालेला अंगठा. "इथं बघ," म्हणाली. "सो. हं. घाई करू नको." मी बघितलं. आयुष्यात पयल्यांदा मी खरंच बघितलं, का काहीतरी दिसू दे, एक ठिपका दिसू दे, म्हंजे मी तिला म्हणीन व्हय, आणि ते खोटं नसंल. किती वेळ गेला कुणास ठावं. गल्लीत एक शेळी वरडली. माझी मान दुखली, डोळं दुखलं. तिचा अंगठा हालला न्हाय.

"काय दिसतंय?"

माझ्या जिभंवर शंभर गोष्टी आल्या. खरंच आल्या. निळा दिवा आला, मोर आला, पांढऱ्या बंडीतला माणूस आला.

"काय न्हाय गं," मी म्हटलं.

"त्ये न्हाईत?"

"न्हाईत."

"कवाच नव्हते?"

"कवाच न्हाय, नागू."

अंगठा तसाच. तिचा श्वास माझ्या तोंडावर येत व्हता. मंग ती म्हणाली, "मलाबी न्हाय दिसले कधी. कडी दिसायची. त्ये न्हाईत दिसले. मला वाटायचं, तुला दिसत्यात आणि मला न्हाय, म्हंजे माझ्यातच काय खोट असंल. बाई त्यांची मी, आणि दिसायचं तुला. म्हणून जास्ती बसायची."

तिनं अंगठा काढला. मी हालले न्हाय.

"बाटली आण," म्हणाली.

मी भिंतीतल्या देवळीतनं बाटली आणली. तिनं मान मागं टाकली. मी उजव्या डोळ्यात थेंब सोडला, एक गालावर पडला, दुसरा बरोब्बर गेला. मी बूच लावाय लागले.

"डाव्यातबी घाल."

डाव्यात घालून काय उपेग न्हाय, हे तिलाबी ठावं व्हतं, मलाबी.

"घाल की आक्का."

मी घातला.